दात कुणाचे, फी कुणाची आणि रिटर्न कुणाचं?

कॅनडात ऑन्टारिओ प्रांतातल्या मिसिसागाच्या एका ताईंचा प्रश्न आहे. २०२५ सालचं रिटर्न भरायचंय. मोठी मुलगी १९ वर्षांची, वॉटर्लूला युनिव्हर्सिटीत दुसऱ्या वर्षाला. तिची ९,४०० डॉलर फी आई-वडिलांनीच भरली, आणि उन्हाळ्यात तिने स्वतः ९,००० कमावले. यजमानांनी कॉलेजात संध्याकाळचा एक कोर्स केला, त्याचे १,४०० झाले. शिवाय यजमानांची रूट कॅनाल आणि कॅप, धाकट्याचा चष्मा, मुलीची अक्कलदाढ, आणि डिसेंबरात पुण्याला गेल्या असताना ताईंनी बसवून घेतलेला दात. सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशनही पुण्यातच झालं, पैसे इथून गेले. ताईंचं नेट इन्कम ३८,०००, यजमानांचं ९२,०००. यजमानांचं म्हणणं, टॅक्स मला जास्त बसतो, तेव्हा सगळं माझ्याच रिटर्नवर लावू.

ताई, यजमानांचं चुकतंय. पण असं का वाटतं ते मला चांगलं ठाऊक आहे, कारण इथे आल्यावर माझी पहिली दोन रिटर्न्स मीही याच समजुतीने भरली होती. आपल्या अंगात ८०सी मुरलेलं असतं. भारतात वजावट उत्पन्नातून होते, त्यामुळे वरच्या स्लॅबमधल्याने लावली की जास्त वाचतं. कॅनडात फी आणि औषधपाण्याचा खर्च उत्पन्नातून वजा होत नाही. त्याचं क्रेडिट मिळतं, आणि ते सगळ्यांना एकाच, सर्वात खालच्या दराने मिळतं. वर्षाला दोन लाख कमावणारा असो की चाळीस हजार, दर तोच. २०२४ पर्यंत हा फेडरल, म्हणजे केंद्र सरकारचा, दर १५ टक्के होता. १ जुलै २०२५ पासून तो १४ झाला, म्हणून अख्ख्या २०२५ सालासाठी १४.५ धरायचा आणि २०२६ पासून सरळ १४.

दुसरी गोष्ट, ही क्रेडिट्स नॉन-रिफंडेबल आहेत. म्हणजे तुमचा टॅक्स शून्यापर्यंत खाली आणतात, शून्याच्या खाली जाऊन हातात पैसे देत नाहीत. दरवर्षी मार्चमध्ये कुणीतरी कॉलेजचा फॉर्म घेऊन येतं आणि विचारतं, १६,००० फी भरली, रिफंड किती? अंगावर टॅक्सच नसेल तर आज काहीच नाही. पण म्हणून तो फॉर्म ड्रॉवरमध्ये टाकायचा नाही. त्याकडे पुढे येतो.

तेव्हा 'काय काय लावता येईल' याची यादी करण्याआधी प्रत्येक पावतीला दोन प्रश्न विचारा: ही कुणाच्या रिटर्नवर जाईल, आणि कुठल्या वर्षी?

मुलीच्या फीपासून सुरुवात करू. युनिव्हर्सिटी फेब्रुवारीअखेर टी२२०२ नावाचा फॉर्म देते. मुलीला तो तिच्या विद्यार्थी पोर्टलवरून उतरवून घ्यायला सांगा. त्यातला २६ नंबरचा रकाना बघायचा, तो वर्षाच्या पात्र फीचा एकूण आकडा. हे कॅलेंडर वर्ष असतं, जानेवारी ते डिसेंबर. त्यामुळे तुमच्या बँकेतून गेलेली रक्कम आणि हा आकडा बहुतेक वेळा जुळत नाही. डिसेंबरात भरलेली जानेवारीच्या टर्मची फी पुढच्या वर्षाच्या फॉर्मवर येते. विद्यार्थी संघटनेची वर्गणी, होस्टेल, जेवण, पुस्तकं यातलं काही त्यात नसतं. पुस्तकांचं आणि शिक्षणाच्या महिन्यांचं वेगळं फेडरल क्रेडिट २०१७ पासून बंद झालं आहे. जुन्या मंडळींनी सांगितलं म्हणून अजून लोक पुस्तकांच्या पावत्या पिशवी भरून आणतात.

आता, फी तुम्ही भरली तरी क्रेडिट मुलीचंच. पैसे आईने दिले, आरईएसपीतून, म्हणजे मुलांच्या शिक्षणासाठीच्या बचत खात्यातून, आले की आजोबांनी पाठवले, कायद्याला त्याच्याशी देणंघेणं नाही. आधी मुलीने स्वतःच्या रिटर्नवर शेड्यूल ११, म्हणजे फीच्या हिशेबाची पुरवणी, भरायचं, स्वतःचा टॅक्स शून्य करायला लागेल तेवढी फी वापरायची, आणि मग उरलेल्या चालू वर्षाच्या फीतून जास्तीत जास्त ५,००० पर्यंतची रक्कम आईला किंवा वडिलांना, दोघांपैकी एकाला, देता येते. आजी-आजोबांनाही देता येते. जिथपर्यंत टॅक्स बसत नाही त्या फेडरल बेसिक मर्यादेच्या, म्हणजे १६,१२९ च्या, तुमच्या मुलीचे ९,००० कितीतरी खाली आहेत. तिला स्वतःला काहीच लागत नाही. पूर्ण ५,००० ट्रान्सफर करता येतील, त्याचे १४.५ टक्क्यांनी ७२५ डॉलर. उरलेले ४,४०० तिच्या नावावर पुढे जातील.

इथे एक बारीक गोष्ट आहे. त्या ५,००० मधून तिने स्वतः वापरलेली रक्कम वजा होते, एकूण फीतून नाही. वॉटर्लूला को-ऑप, म्हणजे शिक्षणाचाच भाग म्हणून पगारी नोकरी, करणारी मुलं पुष्कळ, म्हणून उदाहरण देतो. हीच मुलगी को-ऑपमध्ये २४,००० कमावून आली असती, तर बेसिक रक्कम, नोकरीची रक्कम, सीपीपी (पेन्शनचा हप्ता), ईआय (बेरोजगारी विम्याचा हप्ता) सगळं धरूनही तिला स्वतःचा फेडरल टॅक्स पुसायला सुमारे ४,८०० ची फी लागली असती. मग तुमच्यासाठी उरले असते जेमतेम २००. 'फी तर ९,४०० आहे, मग ४,६०० आम्हाला का नाही?' हा वाद दरवर्षी एकदा तरी माझ्या टेबलावर होतो.

हे ५,००० तुमच्या रिटर्नवर घ्या की यजमानांच्या, तेच ७२५. दोघांनाही तेवढा टॅक्स आहे. रिटर्नच्या लाइन ३२४०० वर टाकायचे. पण ट्रान्सफर मुलीने करायची असते. तिची सही असलेला कागद घरात ठेवा, कारण सीआरए, म्हणजे कॅनडाचं टॅक्स खातं, तो मागू शकते. आणि तिला विचारा. पुढे तिला नोकरी लागली की हे क्रेडिट तिच्याच कामाचं आहे. माझं मत विचाराल तर आत्ताच ट्रान्सफर करा. दर १४.५ वरून १४ वर येतोय आणि पुढे नेलेल्या फीला तेव्हाचा दर लागतो. शिवाय शिक्षण संपल्यावर ती अमेरिकेत गेली तर इथलं क्रेडिट इथेच पडून राहतं. ७२५ डॉलर तिच्या खात्यात टाकलेत तर भांडणही होणार नाही.

ऑन्टारिओच्या भागात मात्र फीचं काही मिळणार नाही. प्रांताने आपलं ट्यूशन क्रेडिट २०१७ मध्ये बंद केलं. त्याआधीची कुणाची फी साठून असेल तर तेवढीच वापरता येते. व्हँकूवरला राहणारा तुमचा भाऊ 'आम्हाला प्रांताचंही मिळतं' म्हणत असेल, तर तो खरं बोलतोय. ब्रिटिश कोलंबियाने ते ठेवलंय.

यजमानांच्या कोर्सची गोष्ट वेगळी, आणि ती लोक सर्रास विसरतात. २६ ते ६५ वयाच्या कमावत्या माणसांसाठी कॅनडा ट्रेनिंग क्रेडिट म्हणून एक योजना आहे. २०१९ पासून, अटी पूर्ण होत असतील तर, दरवर्षी २५० डॉलर तुमच्या नावावर जमत जातात, आयुष्यभरात जास्तीत जास्त ५,०००. हे रिफंडेबल आहे. टॅक्स शून्य असला तरी पैसे मिळतात. किती जमले आहेत ते मागच्या वर्षीचं रिटर्न तपासून सीआरएने पाठवलेल्या नोटीस ऑफ असेसमेंटवर लिहिलेलं असतं, पण ते पान कुणी वाचत नाही. यजमान सुरुवातीपासून पात्र असतील आणि कधी वापरलं नसेल तर २०२५ साठी १,५०० जमलेले असतील. त्यातून फीच्या निम्मे, म्हणजे ७००, लाइन ४५३५० वर मागता येतात. उरलेल्या ७०० फीवर नेहमीचं क्रेडिट, १०१ डॉलर. १,४०० च्या कोर्सवर ८०० परत. मात्र कॉलेज कॅनडातलं हवं आणि त्याने टी२२०२ द्यायला हवा. ऑनलाइन कुठल्यातरी अॅपवर केलेला कोर्स यात बसत नाही.

जाता जाता, परवाना परीक्षांची फीसुद्धा ट्यूशनमध्ये येते. कॅनडात आपला व्यवसाय करायला कायद्याने आवश्यक असलेली परीक्षा असेल, इंजिनियरिंगची म्हणा किंवा अकाउंटिंगची, तर ती घेणाऱ्या संस्थेकडून पावती मागून घ्या. आयईएल्टीएस यात नाही. प्रवेश परीक्षाही नाही.

आता तो ड्रॉवरमधला फॉर्म. हे ताईंसाठी नाही, पण त्यांच्याकडे बेसमेंटला नाशिकची, साताऱ्याची मुलं राहत असतील तर त्यांना वाचून दाखवा. दोन वर्षांच्या डिप्लोमाला आलेला मुलगा, वर्षाला १६,५०० फी, दोन वर्षांत ३३,०००. शिकत असताना कमाई बेसिक मर्यादेच्या आत, म्हणून रिटर्नच भरत नाही. तिसऱ्या वर्षी ४८,००० ची नोकरी लागते. कुणीतरी एकाच वर्षाचं रिटर्न भरून देतो आणि सांगतो, तुझी फी जुन्या वर्षातली, गेली ती. ती गेलेली नसते. आधी राहिलेली दोन रिटर्न्स क्रमाने भरायची, प्रत्येकावर शेड्यूल ११ जोडायचं, फी पुढे न्यायची, मग तिसरं. २०२५ च्या आकड्यांनी त्या ४८,००० वरचा फेडरल टॅक्स सुमारे ३,९०० होतो. ३३,००० पैकी जवळपास २७,००० वापरले की तो शून्य, आणि ६,००० च्या आसपास पुढच्या वर्षाला उरतात. पगारातून कापलेला फेडरल टॅक्स परत येतो. एवढी रक्कम एका मुलाने माझ्यासमोर फोनवर आईला सांगितली तेव्हा पलीकडून पहिला प्रश्न आला, 'कुणाला द्यावे तर लागणार नाहीत ना?'

कमाईच नसेल तर उशिरा भरण्याचा दंडही नसतो, कारण दंड देय टॅक्सवर लागतो. उलट कमी कमाईवाल्यांना सरकारकडून मिळणाऱ्या जीएसटीच्या तिमाही क्रेडिटसाठी रिटर्न लागतंच. पण पुढे नेलेल्या फीबद्दल दोन गोष्टी पक्क्या ध्यानात ठेवाव्यात. एक, ती कुणाला देता येत नाही. ट्रान्सफर फक्त चालू वर्षाच्या फीची. दोन, ती साठवून ठेवता येत नाही. ज्या पहिल्या वर्षी टॅक्स बसेल त्या वर्षी वापरावीच लागते. 'पुढच्या वर्षी पगार वाढणार आहे, तेव्हा वापरतो' असं म्हणून शेड्यूल ११ सोडून दिलं तर ती वापरलीच असं धरलं जातं. आणि भारतातल्या बँकेच्या शैक्षणिक कर्जाचं व्याज? नाही. विद्यार्थी कर्जाच्या व्याजाचं क्रेडिट फक्त सरकारी विद्यार्थी कर्ज योजनांपुरतं आहे.

उलटी वाटही आहे. इथली मुलं एमबीबीएसला पुण्याला किंवा बेळगावला जातात. मूल कॅनडाचं कररहिवासी राहिलं असेल आणि पदवीचा पूर्णवेळ अभ्यासक्रम असेल, तर तिथल्या फीचंही फेडरल क्रेडिट मिळतं. त्यासाठी टीएल११ए हा फॉर्म विद्यापीठाकडून भरून घ्यावा लागतो. तो कुलसचिवांच्या कार्यालयात घेऊन गेलात की पहिल्या दिवशी 'आमच्याकडे असा फॉर्म नसतो' हेच ऐकायला मिळतं. फॉर्म आपणच छापून न्यावा, आकडे पेन्सिलने भरून द्यावेत, आणि सही-शिक्क्यासाठी पुन्हा जायची तयारी ठेवावी.

आता दात.

औषधपाण्याच्या खर्चात सगळी मेख त्या ३ टक्क्यांत आहे. जो लावणार त्याच्या नेट इन्कमचे ३ टक्के, किंवा २०२५ साठी २,८३४ डॉलर, यातली कमी रक्कम आधी वजा होते. त्यावरच्या खर्चाला क्रेडिट. नवरा, बायको आणि १८ खालची मुलं यांचा खर्च एकत्र करून दोघांपैकी कुणीही एकाने लाइन ३३०९९ वर लावायचा. ताई, तुमचे ३ टक्के १,१४० होतात, यजमानांचे २,७६०.

तुमचा खर्च मांडून बघू. यजमानांची रूट कॅनाल आणि कॅप ३,१०० ची, त्यातले १,५०० विम्याने दिले, उरले १,६००. चष्मा ३८०. फिजिओथेरपीचे विम्यानंतर उरलेले २४०. तुम्ही लिहिलं नाहीत, पण यजमानांच्या पगारातून ग्रूप हेल्थ प्लॅनचा हप्ता कापला जातो, तो टी४ या वर्षाच्या पगाराच्या स्लिपवर ८५ नंबरच्या रकान्यात असतो, धरू ६२०. कामगाराने भरलेला हा हप्ता खर्चात धरता येतो, कंपनीने भरलेला नाही. पुण्याचा दात ८५,००० रुपये, म्हणजे ०.०१६ च्या दराने १,३६०. एकूण ४,२००.

तुमच्या रिटर्नवर लावले तर ४,२०० वजा १,१४०, उरले ३,०६०. त्यावर फेडरल ४४४ आणि ऑन्टारिओचे ५.०५ टक्क्यांनी सुमारे १५५, मिळून ६०० ला एक-दोन कमी. यजमानांच्या रिटर्नवर उरतात १,४४०, आणि मिळतात कसेबसे २८०. म्हणजे जास्त कमावणाऱ्याने लावल्यामुळे तीनशे डॉलरला खड्डा. अर्थात तुमचं उत्पन्न १५,००० असतं तर गणित उलटलं असतं, कारण मग तुम्हाला पुसायला टॅक्सच नसता.

मुलगी १९ ची, म्हणून तिची अक्कलदाढ या ढिगात येत नाही. ती लाइन ३३१९९ वर, स्वतंत्र. ती तुमच्यावर अवलंबून आहे आणि खर्च तुम्ही केला, एवढं पुरे. गंमत अशी की इथे तिच्या स्वतःच्या उत्पन्नाचे ३ टक्के वजा होतात, म्हणजे फक्त २७०. दाढेचे १,२०० खिशातून गेले असतील तर ९३० वर फेडरल १३५ आणि थोडे ऑन्टारिओचे. पुष्कळ सॉफ्टवेअरमध्ये मुलांचा खर्च टाकताना जन्मतारीख बघून हा फरक आपोआप होतो, पण तुम्ही तिची रक्कम चुकून घरच्या ढिगात टाकलीत तर सॉफ्टवेअर काही बोलणार नाही.

बारा महिन्यांच्या खिडकीचा उपयोग करा. खर्च जानेवारी ते डिसेंबरचाच हवा असं नाही. २०२५ मध्ये संपणारे कुठलेही सलग बारा महिने चालतात, आधी लावलेलं पुन्हा लावायचं नाही एवढंच. तुमच्या दाताचा स्क्रू डिसेंबरात बसला आणि कॅप येत्या मार्चमध्ये बसणार असेल, शिवाय घरात आणखी मोठा खर्च येऊ घातला असेल, तर डिसेंबरचा खर्च या वर्षी न लावता एप्रिल २०२५ ते मार्च २०२६ अशी खिडकी धरून २०२६ च्या रिटर्नवर लावा. ३ टक्क्यांचा टोल एकदाच बसतो. ब्रेसेससाठी तर मी आईबापांना आधीच विचारतो, पैसे कधी देणार आहात?

पुण्यातला दात चालतो का? चालतो. उपचार करणारा त्या देशाच्या कायद्याने नोंदणीकृत असला की पुरे. विमानाचं तिकीट मात्र चालत नाही, कारण तोच दात मिसिसागातही बसवता आला असता. प्रवासखर्चाचा नियम इथल्या लांबच्या गावांसाठी आहे: जवळपास तसा उपचार मिळत नसेल आणि एका बाजूने ४० किलोमीटरच्या पुढे जावं लागलं तर गाडीखर्च, ८० च्या पुढे राहणं-जेवणही.

पावती मात्र नीट आणा. डॉक्टरांच्या छोट्या पॅडवर 'रु. ८५,०००/- मिळाले' आणि खाली कोंबडीचे पाय, हे टोरोंटोत बसलेल्या अधिकाऱ्याला पुरत नाही. लेटरहेडवर डॉक्टरांचं नाव आणि नोंदणी क्रमांक, रुग्णाचं नाव, कुठल्या तारखेला काय केलं, किती घेतले. मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर जोडा. पैसे कार्डाने किंवा बँकेतून दिलेत तर उत्तम. दर त्या दिवशीचा बँक ऑफ कॅनडाचा धरा आणि त्याचा प्रिंट पावतीला टाचून ठेवा.

औषधांचं मात्र जपून. नुसती चिठ्ठी असून भागत नाही. कायद्याने चिठ्ठीवरच मिळणारं औषध हवं आणि फार्मासिस्टकडे त्याची नोंद हवी. आपल्याकडच्या मेडिकलच्या बिलावर डॉक्टरच्या रकान्यात 'सेल्फ' छापलेलं असतं. असं बिल आलं की मी ते बाजूला काढतो. व्हिटॅमिनं, कॅल्शियम, च्यवनप्राश, डॉक्टरने लिहून दिलं तरी नाही. ब्लड प्रेशरचं मशीन नाही, जिम नाही. पंचकर्माबद्दल दरवर्षी विचारणा होते. इथे वैद्य हा मान्यताप्राप्त व्यवसाय नाही, तेव्हा ब्रॅम्प्टनमधल्या मसाजची पावती बाद. भारतातल्या नोंदणीकृत वैद्याच्या तपासणी फीसाठी वाद घालता येईल, पण रिसॉर्टच्या बिलात खोली, जेवण, तेल आणि योगासनं एकत्र असतात, आणि ते सोडवत बसण्यात माझी फी क्रेडिटपेक्षा जास्त होते. मी ते घेत नाही. ऑन्टारिओत नोंदणीकृत मसाज थेरपिस्टकडे गेलात तर मात्र चालतं.

फी आणि औषधपाणी जिथे एकमेकांत मिसळतात अशी एक जागा आहे, ती सांगून ठेवतो. मुलाला डिस्लेक्सियासारखी शिकण्याची अडचण असेल, डॉक्टर किंवा अधिकृत तज्ज्ञाने तसं लेखी दिलं असेल, तर त्यासाठी बाहेरच्या शिक्षकाला दिलेले शिकवणीचे पैसे वैद्यकीय खर्चात येतात. शिक्षक नातेवाईक नको, आणि शिकवणं हा त्याचा व्यवसाय हवा. माझ्याकडे येणाऱ्या एका घरी हे चार वर्षं कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. त्यांना लाज वाटत होती म्हणून ते शिकवणीचा विषयच काढत नव्हते. आम्ही मागची रिटर्न्स दुरुस्त केली. दहा वर्षं मागे जाता येतं, आणि सीआरएच्या वेबसाइटवरच्या माय अकाउंट या आपल्या खात्यातून ते बसल्या जागी होतं.

रिटर्न भरलं की पावत्या पाठवायच्या नसतात, पण सहा वर्षं ठेवायच्या. वैद्यकीय खर्च लावलात की कधीतरी सीआरएचं पत्र येणारच: तीस दिवसांत पावत्या दाखवा. घाबरू नका, ते ऑडिट नाही. बहुतेक अडतं ते विम्याच्या हिशेबावर. दाताच्या डॉक्टरची पावती ३,१०० ची आणि तुम्ही लावलेत १,६००, मधले १,५०० कुठे गेले हे दाखवायला विमा कंपनीचं स्टेटमेंट लागतं. ते कंपनीच्या वेबसाइटवरून वर्षाच्या शेवटीच उतरवून ठेवा. नोकरी बदलली की लॉगिन बंद होतं. फार्मसीकडूनही जानेवारीत वर्षभराचा एकच प्रिंट मागा. चाळीस चिठोऱ्यांपेक्षा ते एक पान बरं. थर्मल कागदावरचं तर दोन वर्षांत पांढरं होतं.

राहिल्या सासूबाई. आई-वडील, सासू-सासरे यांचा खर्च लाइन ३३१९९ वर लावता येतो, पण त्या वर्षात ते कॅनडाचे रहिवासी असायला हवेत आणि तुमच्यावर अवलंबून असायला हवेत. पीआर, म्हणजे कायमच्या रहिवासी, होऊन तुमच्याकडे राहत असत्या तर मोतीबिंदूच काय, कवळीही लावली असती. त्या पुण्यात राहतात, म्हणून नाही. सुपर व्हिसावर, म्हणजे आई-वडिलांना भेटीला बोलावायच्या व्हिसावर, चार महिने येऊन गेलेल्या पाहुण्यांचंही तेच. पैसे तुम्ही पाठवलेत याने फरक पडत नाही. पण पुण्यात दीर असतील आणि हॉस्पिटलचे पैसे खरोखर त्यांनीच भरले असतील, तर त्यांना विचारा: ते अजून जुन्या करपद्धतीत आहेत का, आणि सासूबाईंचा मेडिक्लेम नाही ना? तसं असेल तर साठीच्या पुढच्या आईच्या उपचाराचा खर्च ८०डीखाली ५०,००० रुपयांपर्यंत त्यांना वजा करता येतो. रोखीने दिले असतील तर तेही गेलं. यूपीआय होतं की नोटा, हे आजच फोन करून विचारून घ्या.